वीस मिनिटे आणि चार आठवडे



ज्या व्यासपीठावर काल इतिहासाची चर्चा झाली आणि उद्या अर्थशास्त्राची व्हायची आहे, तेथे आज गिटार आणि साबण या दोन जिनसांची नावे ऐकून, आपण चुकून दुसऱ्याच मंडपात तर आलो नाही ना, अशी शंका कुणाला आली असेल तर त्यात नवल नाही. चालकांनी आम्हांला ‘उतारवयातील छंद’ हा विषय दिला. आमच्या घरात छंद दोनच: गिटार आमची आणि साबण आमच्या कुटुंबाचा. या दोन्ही विद्यांत आम्ही प्रथम सपशेल नापास झालो, आणि दोन्ही वेळा नापास होण्याचे कारण एकच निघाले. तेवढे कारण सांगावे, इतकाच आजचा हेतू.

गिटार मुळात आमच्या थोरल्या बंधूंची. नोकरीतल्या पहिल्या बोनसातून त्यांनी ती हौसेने घेतली आणि कपाटावर ठेवली. “जरा सवड होऊ दे, मग बसतो शिकायला,” असे ते म्हणत. मुलांची शिक्षणे झाली, घर झाले, निवृत्तीही झाली. सवड मात्र झाली नाही. ते गेल्यावर वहिनींनी ती गिटार आमच्या हाती दिली. खोळ काढून पाहतो तो तारा गंजलेल्या, पण गळ्यावरचे पडदे अगदी कोरे; त्यांवर तारेची एक रेघसुद्धा उमटलेली नव्हती. ती कोरी पट्टी आम्हांला फार लागली. आपण हे वाद्य वाजवायचेच, असे आम्ही त्याच दिवशी ठरविले.

निश्चय थोर होता. पद्धत मात्र वेड्याची होती. आम्ही रविवार धरला आणि सलग चार तास बसलो. पोलादी तारांनी डाव्या हाताची बोटे अशी सोलली की सोमवारी आमटीचे भांडे धरवेना. पुढे दहा दिवस गिटारीकडे पाहिले नाही. मग पुन्हा एक रविवार, पुन्हा चार तास, पुन्हा दहा दिवसांची रजा. असे चार महिने गेले. ‘सी’ या स्वरमेळावरून ‘जी’ या स्वरमेळावर बोटे न्यायची, एवढ्या एका गोष्टीत आम्ही पहिल्या रविवारी जेथे होतो तेथेच चौथ्या महिन्यात होतो. अखेर गिटार पुन्हा कपाटावर गेली. बंधूंनी तिला न शिकता तेथे ठेवले होते. आम्ही शिकण्याचे नाटक करून ठेवले.

आता साबणाकडे वळू. आमचे कुटुंब घरी साबण करते, आणि हौशी मंडळींसाठी तिचे माप आम्ही येथे सांगतो. खोबरेल तेल 250 ग्रॅम, शेंगदाण्याचे तेल 200 ग्रॅम, एरंडेल 50 ग्रॅम. कॉस्टिक सोडा 75 ग्रॅम आणि पाणी 165 ग्रॅम. सर्व जिनसा, पाणीसुद्धा, काट्यावर तोलून घ्यायच्या. वाटीचा किंवा चमच्याचा अंदाज चालत नाही. खायचा सोडा किंवा धुण्याचा सोडा निराळा, त्याने साबण होत नाही. मोरी साफ करण्याची भुकटीही नको, तीत इतर पदार्थ मिसळलेले असतात. प्रत्येक तेलाला सोडा निराळा लागतो. एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे 0.183 ग्रॅम, तर तितक्याच एरंडेलाला 0.128 ग्रॅम. म्हणून तेल बदलले की हिशेब नव्याने करावा. वरच्या मापात सोडा हिशेबापेक्षा सुमारे पाच टक्के कमी धरला आहे, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि कातडीला त्रास होत नाही.

कृती करताना हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मा आणि पुऱ्या बाह्यांचे कपडे हवेत. खिडक्या उघड्या आणि मुले बाहेर. सोडा थोडाथोडा पाण्यात सोडावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. मिश्रण चांगलेच तापते, त्याची वाफ नाकात घेऊ नये. भांडे स्टीलचे असावे. अॅल्युमिनियम या द्रावात विरघळते. कातडीवर थेंब उडालाच तर भरपूर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरावे. डोळ्यात गेला तर तसेच धुऊन तत्काळ डॉक्टर गाठावा. द्राव आणि तेल दोन्ही कोमट झाली की तेलात द्राव ओतून घोटायचे. पातळ पिठल्याइतके दाट झाले आणि चमच्याने सोडलेली धार क्षणभर वर उमटून राहिली, की साच्यात ओतावे. एकदोन दिवसांनी वड्या पाडाव्यात आणि हवेशीर जागी चार आठवडे ठेवाव्यात. तेल आणि सोडा यांचे लग्न बहुतेक पहिल्या दोन दिवसांतच लागते. पुढचे दिवस पाणी उडून वडी कठीण होण्यात जातात.

एकदा कुटुंब माहेरी गेले असता आम्ही स्वतः हा प्रयोग केला. सोडा थोडा जास्त घातला तर साबण लवकर होईल, असा आमचा तर्क. म्हणून 75 च्या जागी अंदाजाने मूठभर वर टाकला आणि चौथ्या दिवशी त्या वडीने स्नान केले. वडी हातातल्या हातात विरघळत गेली, आणि अंगाची जी आग झाली तिचे वर्णन सभ्य सभेत करवत नाही. कुटुंब परत आले, तिने तो सगळा घाणा टाकून दिला आणि एवढेच म्हणाली, “अहो, जास्त घातल्याने दिवस कमी होत नसतात.”

त्या एका वाक्याने आमच्या गिटारीचाही निकाल लागला. रविवारचे चार तास म्हणजे दुसरे काय होते? मूठभर जास्तीचा सोडाच तो!

याला शास्त्राचा आधार आहे. 1978 साली बॅडले आणि लाँगमन या दोघा इंग्रज संशोधकांनी टपाल खात्यातील नोकरांना टंकलेखन शिकविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना दिवसाला एकच तास शिकविले, काहींना चार. रोज एक तास शिकणाऱ्यांनी सर्वांत कमी तासांत विद्या पैदा केली, जरी दिवस अधिक लागले. गंमत पुढेच आहे: आपल्या शिक्षणावर सर्वांत नाराज तेच होते. आपण मागे पडलो, असे त्यांना वाटे. बंधुभगिनींनो, जो योग्य वाटेने चालतो त्यालाच आपण रखडलो असे वाटते. शिस्त मोडते ती येथे. आळसाने मोडते त्याहून अधिक या नाराजीने मोडते.

आम्ही गिटार कपाटावरून काढून बैठकीच्या खोलीत उभी केली, कारण खोळ काढण्याचा कंटाळासुद्धा रियाझ बुडवायला पुरतो. रोज सकाळी चहापूर्वी वीस मिनिटे. पहिली पाच मिनिटे मिनिटाला साठ ठोक्यांवर साधी स्वरपंक्ती. मधली दहा, जे येत नाही तेच एक, अगदी सावकाश. शेवटची पाच, जे येते ते आनंदासाठी. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वीसच. चाळीस करून कर्ज फेडायचे नाही. कुटुंब साबणाच्या घाण्यावर तारखेची चिठ्ठी लावते, तशी एक चिठ्ठी आम्ही भिंतीवर लावली आणि रोज एक खूण करीत गेलो. काही आठवड्यांत बोटांना घट्टे पडले. तिसऱ्या महिन्यात ‘सी’वरून ‘जी’वर बोटे आपोआप गेली, कोणत्या दिवशी, ते आम्हांलाही कळले नाही.

आज चौथे वर्ष आहे. आम्ही वादक झालो, असा दावा नाही. ‘एफ’चा स्वरमेळ अजून दहांत तीन वेळा खरखरतो. गेल्या दिवाळीत वहिनी आल्या असता एक जुनी सोपी चाल त्यांना वाजवून दाखविली. त्या काही बोलल्या नाहीत. उठून जवळ आल्या आणि गिटारीच्या गळ्यावरून बोट फिरवून पाहिले. पडद्यांवर तारांच्या रेघा उमटल्या आहेत. आमच्या बंधूंना वीस मिनिटे मिळाली नसती असे नाही. ते सवडीची वाट पाहत राहिले, आणि ती अशी एकदम मोठी कधी येत नाही, हे त्यांना कुणी सांगितले नाही. म्हणून आम्ही ते आपल्याला सांगितले.

जाता जाता एक खुलासा. सभेला वाटण्यासाठी साबणाच्या वड्या आणाव्यात, असे चालकांनी सुचविले होते. वड्या तयार आहेत. पण चिठ्ठीवरच्या तारखेला अद्याप अकरा दिवस आहेत, आणि कुटुंबाने परवानगी दिली नाही. तेव्हा आज रिकाम्या हातानेच आपली रजा घेतो.