महागड्या ताटाचा हिशेब

आजचा विषय जरा खर्चिक आहे. बाहेर जेवायला जाणं आता आपल्याला नवीन नाही. पण एका माणसाच्या एका जेवणाला दोन-तीन हजार मोजायचे, कधी त्याहून किती तरी जास्त, आणि वर त्याला जेवण न म्हणता ‘अनुभव’ म्हणायचं, हे प्रकरण आपल्या नाशकातही रुळायला लागलंय. त्याला ‘फाइन डाइनिंग’ म्हणतात. हे पैसे वसूल होतात का, असा प्रश्न आमच्या भिशीत निघाला आणि त्यावर चांगली दोन तास वादावादी झाली. तीच आज तुमच्यापुढे मांडतो आहोत.

आधी हे आपल्या गावात आलं कुठून ते बघू. नाशिक म्हणजे द्राक्षं, पण खायची द्राक्षं. निफाड, दिंडोरी, पिंपळगावची. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनची द्राक्षं लावली आणि २००० साली ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि त्यानंतर एकामागून एक वायनरी उभ्या राहिल्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येऊ लागल्या. त्या लोकांना वाइनबरोबर तसंच जेवणही हवं होतं. म्हणून ज्या गंगापूर-सावरगाव रस्त्याला आपण चुलीवरच्या मिसळीसाठी जायचो, त्याच भागात आता पांढरे कपडे घातलेले वेटर आणि मळ्याकडे तोंड करून मांडलेली टेबलं दिसतात.

आमच्या भिशीत आम्ही दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकतो आणि वर्षातून एकदा सगळ्या मिळून कुठेतरी जातो. वणीला, शिर्डीला, एकदा भंडारदऱ्याला. यंदा एकीनं सुचवलं, आपणही एकदा त्या मोठ्या ठिकाणी जेवून बघू. लगेच दोन तट पडले. एक म्हणाली, “माणशी तीन हजार? तेवढ्यात माझे दोन-तीन महिन्यांचे गॅस सिलिंडर होतात.” दुसरी म्हणाली, “यांच्या मोबाइलला पंचवीस हजार गेले, तेव्हा कुणी सिलिंडर मोजले होते का?” यावर सगळ्या हसल्या, पण मुद्दा खरा होता. बाईनं स्वतःवर खर्च करायचा म्हटलं की घरातला प्रत्येक रखडलेला खर्च आठवायला लागतो. शेवटी आम्ही गेलो.

आता पैसे कशाचे घेतात ते बघू. हॉटेलधंद्यात ढोबळ हिशेब असा असतो, की ताटातल्या कच्च्या मालाचा खर्च किमतीच्या साधारण तिसरा हिस्सा असावा. बाकीचे दोन हिस्से पगार, जागेचं भाडं, वीज, भांडी, नासधूस आणि नफा यांत जातात. साध्या खानावळीत एक जागा दुपारी तीन-चार वेळा भरते. महागड्या ठिकाणी ती संध्याकाळी एकदाच भरते, कारण माणूस तिथे तीन तास बसतो. त्या तीन तासांचं भाडं त्या एकाच ताटावर पडतं. शिवाय वाढायला आणि रांधायला माणसं जास्त. त्यामुळे ‘एवढीशी भाजी आणि एवढे पैसे’ असं म्हणताना आपण फक्त भाजी मोजत असतो.

ताटात कमी वाढण्यालाही कारण असतं. ‘टेस्टिंग मेन्यू’ म्हणजे सात, आठ, दहा पदार्थ एकामागून एक, प्रत्येकी दोन-चार घास. पदार्थ आपण निवडायचे नाहीत, शेफ ठरवेल ते येणार. मुंबईत महालक्ष्मीला ‘मास्क’ नावाचं रेस्टॉरंट आहे. अदिती दुगड यांनी ते २०१६ मध्ये सुरू केलं. तिथे असा दहा पदार्थांचा बेत असतो. आशियातल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटांच्या यादीत त्याचं नाव येतं. देशाच्या निरनिराळ्या भागांतली धान्यं, रानभाज्या, फळं शोधून आणायची आणि ती नव्या रूपात मांडायची, ही त्यांची ख्याती.

आम्ही गेलो त्या ठिकाणी काय होतं? नाचणीची कागदासारखी पातळ पापडी, तिच्यावर नखाएवढा ठेचा. मटकीचा एक घास, त्याला ते मिसळच म्हणत होते. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेलं पनीर. शेवटी खरवस, वर जायफळाची पूड. खरं सांगायचं तर ठेच्याची पापडी लाजवाब होती. मिसळ मात्र आमच्यातल्या कुणालाही पटली नाही. तर्री नाही, पाव बुडवायला जागा नाही, घाम नाही, मग मिसळ कसली? खरवसावर आमच्यातली एक म्हणाली, “माझ्या आत्याबाईंचा यापेक्षा चांगला होतो.” तो होतोच, आम्ही खाल्लेला आहे.

पण जेवण संपल्यावर बोलणं निघालं ते चवीचं नव्हतं. आमच्यातली सगळ्यांत मोठी ताई म्हणाली, “पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत मी उठले नाही. सगळं गरम खाल्लं.” लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या बाईचं हे वाक्य. आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण आपल्यापैकी कितीजणींना घरी शेवटची पोळी तव्यावरून थेट आपल्या ताटात मिळते? सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं होतं, की घरकाम करणारी बाई त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि घरकामात हात लावणारा पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास. त्यांचं बिल कुणी करत नाही.

इथे एक परदेशातली गोष्ट सांगावीशी वाटते. ती डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरातल्या ‘नोमा’ नावाच्या रेस्टॉरंटची. जगातलं सर्वोत्तम म्हणून ते अनेकदा निवडलं गेलं. २०२३ च्या जानेवारीत त्याचे शेफ रेने रेडझेपी यांनी जाहीर केलं, की अशा तऱ्हेचं रेस्टॉरंट नेहमीच्या पद्धतीनं चालवणं आता परवडत नाही. त्याच्या काही महिने आधीपर्यंत तिथल्या शिकाऊ मुलामुलींना पगारच मिळत नव्हता. पानं निवडणं, सोलणं, एकेक फूल चिमट्यानं मांडणं ही कामं ती मुलं फुकट करत होती. २०२२ च्या ऑक्टोबरपासून त्यांना पगार सुरू झाला. जगातलं सगळ्यांत नावाजलेलं स्वयंपाकघरही बिनपगारी हातांवर चालत होतं! हे ऐकल्यावर आम्हाला आमचंच स्वयंपाकघर आठवलं. फरक इतकाच, की त्या मुलांना तिथल्या कामाचा दाखला तरी मिळत होता.

आता ताटाची दुसरी बाजू. आपल्या राज्यात २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात, आणि किंमत १० रुपये. सरकारनं त्या थाळीची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली होती. ग्राहकाचे १० वजा जाता उरलेले पैसे सरकार देणार होतं. करोनाच्या काळात तर ती ५ रुपयांना आणि काही काळ फुकटही मिळाली. अनेक ठिकाणी महिला बचत गटांनी ही केंद्रं चालवली. तेव्हाच्या ५० रुपयांत रांधायचं, वाढायचं, भांडी घासायची आणि त्यातूनच चार पैसे उरवायचे. हे कौशल्य नाही का? त्याला कुणी ‘अनुभव’ म्हणत नाही, एवढंच.

‘मास्क’चा उल्लेख केला तो याचसाठी. ते रेस्टॉरंट एका जुन्या गिरणीच्या आवारात, लक्ष्मी वूलन मिलमध्ये आहे. मुंबईच्या गिरण्या धडधडत होत्या, तेव्हा गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांना गिरणगावातल्या खानावळवाल्या बाया जेवू घालायच्या. त्यांना भांडवलासाठी सावकाराच्या दारात जावं लागे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र आणून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ सुरू केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मग १९८२ चा संप झाला, हळूहळू गिरण्या बंद पडल्या आणि त्या आवारांत कचेऱ्या, दुकानं, हॉटेलं आली. पूर्वी त्या भागात महिन्याचे पैसे भरून माणूस दोन वेळा जेवायचा. आज तिथे एका रात्रीच्या जेवणाला हजारोंनी मोजतात. यात कुणाला दोष द्यायचा नाही. पण रांधणाऱ्या हाताला मान आणि दाम मिळतो तो कधी, कुठे आणि कुणाला, हे यातून दिसतं.

मग महागडं जेवण जेवायचंच नाही का? आमचं मत तसं नाही. कर्ज काढून, क्रेडिट कार्डाचे हप्ते पाडून किंवा शेजारणीनं फोटो टाकला म्हणून जाऊ नये. पण साठवलेल्या पैशांतून, वर्षा-दोन वर्षांतून एकदा, आवडत्या माणसांबरोबर जायचं असेल, तर मन खात बसू नका. फक्त काही गोष्टी आधी विचारून घ्या.

एक, बेत ठरलेला असेल तर माणशी पूर्ण किंमत करासह किती, ते फोनवरच विचारा. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के असतो, पण खोलीचं भाडं साडेसात हजारांवर असलेल्या मोठ्या हॉटेलांत तो १८ टक्के लागतो. तीन हजारांवर हा फरक ३९० रुपयांचा होतो.

दोन, ‘सर्व्हिस चार्ज’ हा कर नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की तो आपोआप बिलात लावता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. बिलात दिसला तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. वाढणारा मुलगा किंवा मुलगी मनापासून करत असेल, तर बक्षिशी थेट त्यांच्या हातात द्या.

तीन, बसल्याबरोबर बाटलीबंद पाणी की साधं, असं विचारतात. संकोचून बाटली घेऊ नका. रेस्टॉरंटला ती छापील किमतीपेक्षा जास्त दरानं विकता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. साधं पाणी मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

चार, अनेक ठिकाणी दुपारचा बेत रात्रीपेक्षा स्वस्त असतो. चौकशी करा. आणि उपवास, कांदा-लसूण न खाणं, मधुमेह, दाण्यांची ॲलर्जी, जे काही असेल ते आधीच कळवा.

भिशीत शेवटी आम्ही हिशेब मांडला. तीन हजारांतले ठेच्याच्या पापडीचे पैसे वसूल झाले. मिसळीचे झाले नाहीत. मळ्याच्या देखाव्याचे पैसे आम्हा नाशिककरणींना का लावले, हे कळलंच नाही. आणि बसून, गरम, कुणी तरी वाढलेलं जेवायला मिळालं, त्याची किंमत लावायची कशी, यावर एकमत झालं नाही. मात्र ते मिळायला तीन हजार लागू नयेत, यावर झालं. आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्यातल्या नऊ घरांत संध्याकाळचा स्वयंपाक आणि वाढणं घरातले बाकीचे करतात. दोन घरांत खिचडीच्या पुढे गाडी गेलेली नाही. चालेल. ती गरम असते.

तुमच्या घरी हे जमतं का, किंवा तुम्ही अशा महागड्या ठिकाणी जाऊन आला असाल तर तुमचा हिशेब काय निघाला, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर नमस्कार.