बनगावच्या छावणीतलं पिंप



बक्षीस समारंभाआधीची दहा मिनिटं माझ्या वाट्याला आली आहेत. त्यात मी तुम्हाला एका बंगाली डॉक्टरांविषयी सांगणार आहे. डॉ. दिलीप महालनबीस.

साल 1971. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले होते. सरहद्दीजवळच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. रुग्णालयात दोन खोल्या, 16 खाटा. बाकीचे रोगी जमिनीवर, उलट्या-जुलाबांच्या घाणीत. सलाईन लावायचं तर त्याच घाणीत गुडघे टेकावे लागत. आणि सलाईनही संपत आलं होतं.

पटकीत जीव जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार वाहून गेल्यानं. नुसतं पाणी पाजून भागत नाही. पण त्यात मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात असेल, तर आतड्यातून आत शिरताना ग्लुकोज मिठाला सोबत नेतं आणि मिठामागून पाणी जातं. आजारातही ही वाट उघडी राहते. हे ठाऊक झालं होतं, ढाक्यात रुग्णांवर तपासूनही झालं होतं. तरी तज्ज्ञांच्या देखरेखीवाचून ते द्यायला कुणी धजत नव्हतं.

महालनबीस धजले. उरलेलं सलाईन त्यांनी अत्यवस्थ रुग्णांसाठी राखलं. कोलकात्यातल्या एका संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा तोलून पिशव्यांत भरला, गरम इस्त्रीनं त्यांची तोंडं बंद केली. एका लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. छावणीत नळ लावलेल्या पिंपांत ते कालवलं. पाजायचं काम आयांकडे, बहिणींकडे, जो कोणी सोबत असेल त्याच्याकडे. मला महालनबीसांचं मोठेपण इथे दिसतं: निरक्षर आईच्या हातावर त्यांनी विश्वास टाकला, आणि त्या धावपळीतही नोंदी ठेवल्या. आधी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. त्यांच्या देखरेखीखाली ते प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. 1973 मध्ये हा अहवाल छापून आला. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो, ती जगभर पोचण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

मी ग्रामीण भागात मुलांवर उपचार करतो. जुलाब झालेल्या पोराला कडेवर घेऊन आलेला बाप आजही आधी म्हणतो, "डॉक्टर, सलाईन लावा." पोर शुद्धीवर असतं, पाणी मागत असतं. वाटीचमच्यानं पाजायचं औषध त्याला औषध वाटतच नाही. त्याला दोष कसा देऊ? तेव्हाच्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही हीच शंका होती.

महालनबीस 2022 मध्ये गेले. पद्मविभूषण मिळालं ते पुढच्या वर्षी, मरणोत्तर.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. आज घरी गेलात की आईला, आजीला जुलाबांत घरीच करून पाजायच्या पाण्याचं हे माप सांगा: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका. घोटाघोटानं पाजत राहा. आणि मूल गुंगीत गेलं किंवा पिईनासं झालं, तर लगेच दवाखाना गाठा.