साठ युनिट्सचा हिशेब



परदेशात मराठी कशी टिकवावी यावर अध्यक्षांनी अर्धा तास बोलायचं, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. ती मी आज मोडणार आहे. मी कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते आणि मला आज भांडायचं आहे. थोडं विद्यापीठांशी, थोडं सॅक्रामेंटोच्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या, विधिमंडळाशी आणि बरंचसं तुमच्याशी.

सुरुवात तुमच्यापासूनच करते. दर वर्षी या व्यासपीठावर आपण गुणवंत मुलांचा सत्कार करतो. बर्कली, स्टॅनफर्ड, एमआयटी अशी नावं वाचली जातात आणि सभागृह टाळ्यांनी दणाणतं. डी आन्झा किंवा फ्रीमॉन्टचं ओलोनी अशा कम्युनिटी कॉलेजला प्रवेश घेतलेल्या मुलाचं नाव या माइकवरून मी अजून ऐकलेलं नाही. अशी मुलं आपल्या घरांत नाहीत म्हणता? माझ्या वर्गात बसतात ती. त्यांचे आईवडील मात्र मला पार्किंगमध्ये गाठून हळूच सांगतात, 'इथे कोणाला बोलू नका हं, आम्ही गॅप इयर म्हणून सांगितलंय.' ॲपलचा स्टीव्ह वॉझ्नियॅक डी आन्झात शिकूनच पुढे बर्कलीला गेला होता. त्याच्या कंपनीचे फोन वापरायला आपल्याला कमीपणा वाटत नाही.

आपण लाजतो म्हणून या मुलांचं जे नुकसान होतं, त्यावर कोणी आवाज उठवत नाही. ते नुकसान काय आहे ते आता ऐका.

१९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. ज्याला पहिल्या फेरीत विद्यापीठाचं दार उघडलं नाही, त्याने कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढावीत आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जावं, असं वचन त्यात होतं. आज राज्यातल्या रहिवाशाला इथे युनिटमागे ४६ डॉलर पडतात. साठ युनिट्सचे, म्हणजे दोन वर्षांचे, २,७६० डॉलर झाले. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, एका वर्षाच्या फीपुढे ही रक्कम काहीच नाही. वचन उत्तम, प्रश्न ते पाळण्याचा. अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी खर्च तपासणाऱ्या जीएओ या कार्यालयाने २०१७ साली एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात एका संस्थेतून दुसरीत गेलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाटेत गेली, असा त्यातला अंदाज आहे. सरकारी संस्थेतून सरकारी संस्थेत जाणाऱ्यांचं नुकसान थोडं कमी, ३७ टक्के. करदात्याने एकाच कोर्ससाठी दोनदा पैसे मोजायचे आणि दोन्ही वेळा खिसा त्याचाच!

क्रेडिट्स जातात कशी, ते माझ्या एका विद्यार्थिनीवरून सांगते. क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात तिने फिजिक्सचे दोन कोर्स केले होते, दोन्हींत ए. मग वडिलांची नोकरी गेली. घरभाडं झेपेना म्हणून कुटुंब आतल्या भागात, स्वस्त गावी गेलं. तिथलं कॉलेज सेमिस्टरवर चालणारं. क्वार्टरचं युनिट सेमिस्टरच्या दोन तृतीयांश धरतात, म्हणून तिच्या एकेका कोर्सच्या पाच युनिट्सची झाली ३.३३. त्यावर तिकडे फिजिक्सची मालिका तोडलेली वेगळ्या ठिकाणी, त्यामुळे इकडचा तिसरा कोर्स म्हणजे तिकडचा कुठला, ते कोणालाच सांगता येईना. तिने जमेल तसा राहिलेला भाग पुरा केला. विद्यापीठाच्या विभागाने पत्र पाठवलं, की मालिका एकाच कॉलेजात पूर्ण झालेली नाही, सबब मेजरसाठी धरता येणार नाही. युनिट्स नाकारली मात्र नाहीत! सगळी इलेक्टिव्हच्या रकान्यात टाकली. कागदावर तिचं एकही युनिट बुडालेलं नाही, आणि पोरगी विद्यापीठात पुन्हा न्यूटनच्या पहिल्या नियमापासून बसली. दरम्यान तीन काउन्सिलर बदलले आणि प्रत्येकाने तिला असिस्ट नावाच्या संकेतस्थळावरचा, कोर्सची बरोबरी सांगणारा तक्ता दाखवला. तक्ता अचूकच होता. जी मुलं घर बदलत नाहीत, त्यांच्यासाठी.

यावर माझे विद्यापीठातले मित्र ठरलेलं उत्तर देतात: 'दर्जा राखावा लागतो.' ठीक, दर्जावर बोलू. कम्युनिटी कॉलेजातून यूसीत आलेली मुलं पहिल्या वर्षापासून तिथे असलेल्या मुलांच्या तोडीने पदवी पूर्ण करतात. मग कमी पडतंय कोण? खरी गोम अशी, की कॅल्क्युलसच्या वर्गात जितकी डोकी जास्त, तितके विभागाला पैसे आणि शिक्षक-सहायकांच्या जागा जास्त. आमचा कोर्स मान्य केला की तिकडच्या वर्गातलं एक डोकं कमी होतं. ज्याचा फायदा, तोच न्यायाधीश. हे इतकं उघड आहे, की बोलायलाही संकोच वाटावा.

कायदे झालेच नाहीत असं नाही. २०१० च्या कायद्याने ट्रान्सफरसाठीची असोसिएट पदवी आली. ती घेऊन गेलेल्याला त्याच विषयात कॅल स्टेटने, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने, उरलेल्या साठ युनिट्समध्ये पदवी द्यायची. २०२१ साली आणखी दोन कायदे झाले. एकाने सामान्य शिक्षणाचा एकच आराखडा दिला, दुसऱ्याने सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत सारख्या कोर्सला सारखा नंबर. आता स्टॅटिस्टिक्सचा पहिला कोर्स कुठेही घ्या, तो 'स्टॅट सी१०००'. फ्लोरिडाने हे १९७० च्या दशकात केलं होतं. आपण २०२५ मध्ये त्याच्या फिती कापल्या! शिवाय यूसीला राज्यघटनेनेच स्वायत्तता दिलेली, त्यामुळे यूसीच्या बाबतीत विधिमंडळ कायद्यात लिहितं, 'विनंती करण्यात येते'. विनंतीला मान देणं न देणं विभागाच्या मर्जीवर. सारखा नंबर मिळाला, तरी तो मेजरला लागू करण्याचं बंधन यूसीच्या विभागांवर नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण महाराष्ट्रात तंत्रनिकेतनात शिकलात. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, राज्याच्या केंद्रीय प्रक्रियेतून. कोणत्या कॉलेजात थर्मल कोणी शिकवलं, याची विभागप्रमुखांनी धड्यागणिक चौकशी केली नाही. डिप्लोमावाल्यांना एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं गणित, जड जातं, हे मलाही ठाऊक आहे. मी त्यांच्या शिकवण्या घेतल्यात. पण तेवढ्यावरून त्यांना कोणी पहिल्या वर्षाला परत पाठवलं नाही. थेट दुसऱ्या वर्षाला बसून इंजिनिअर झालेले, इथे येऊन डायरेक्टर झालेले आपले सभासद स्वतःच्या मुलाला मात्र बजावतात, 'कम्युनिटी कॉलेज? लोक काय म्हणतील?' याला काय म्हणावं?

मला काय हवंय, ते स्पष्ट सांगते. आज कोर्स बरोबरीचा आहे हे विद्यार्थ्याने सिद्ध करायचं असतं. सिलॅबस शोधा, जुन्या प्राध्यापकाला गाठा, अर्ज करा, वाट बघा. हे ओझं उलटं करा. कोर्स मेजरला लागू आहे असंच धरून चाला. विभागाला अमान्य असेल, तर त्याने मुलाने प्रवेश स्वीकारण्याच्या आधी, लेखी, सहीनिशी, नेमका कोणता भाग कमी पडतो ते कळवावं. आणि कोणत्या विभागाने वर्षात किती कोर्स इलेक्टिव्हमध्ये ढकलले, ती यादी दर वर्षी जाहीर करावी. कारण सही करायची वेळ आली, की दर्जाबद्दलची पुष्कळशी काळजी आपोआप मिटते. या सभागृहात निदान पाच-सहा जण विद्यापीठांच्या अभ्यासक्रम समित्यांवर आहेत. मी तुमच्याकडेच बघून बोलते आहे.

अध्यक्षांनी स्वतः वादाचा ठराव मांडू नये, हा संकेतही मी मोडते. मंडळाच्या शिष्यवृत्तीतली निम्मी रक्कम कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्सफर होणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवावी आणि जो कोर्स त्यांना पुन्हा करावा लागेल, त्याची फी त्यातून भरावी. त्या प्रत्येक कोर्सचा कागद, विभागाच्या नावासकट, आपल्या भागातल्या आमदारांच्या कार्यालयात मंडळाने पोचवावा. पुढच्या वर्षीच्या सत्काराच्या यादीत ही मुलं असावीत, त्यांच्या कॉलेजांची नावं घेऊन. सूचक मी आहे. अनुमोदनासाठी मला अभ्यासक्रम समितीवरच्या सभासदाचाच हात वर आलेला हवा. चहा तयार आहे असं कळलंय, पण तो त्यानंतर.