तिकिटाची खिडकी आणि तालमीचे अंगण



करमणुकीचा व्यवसाय चालवीत असताना तरुण कलावंत कसे घडवावेत, या विषयावर मी बोलावे अशी आपली इच्छा आहे. विषय वाचला तेव्हा माझ्या मनात प्रथम आले ते हे की, ही दोन कामे आहेत, आणि एकाच माणसाने ती करावयाची म्हटली म्हणजे त्यांचे आपसांत फारसे सख्य राहत नाही. नाटक मंडळी असो, वाद्यवृंद असो किंवा समारंभ व महोत्सव ठेक्याने घेणारी आजकालची संस्था असो, ही अडचण सर्वांनाच येत असली पाहिजे. परंतु मला जवळून ठाऊक आहे ती सर्कस. उमेदीची पंधरा वर्षे मी एका फिरत्या सर्कशीच्या कचेरीत काढली. आरंभी हिशेबनीस म्हणून आणि पुढे व्यवस्थापक म्हणून. तेव्हा मी सर्कशीविषयीच बोलेन. आपापल्या व्यवसायाला त्यातले काय लागू पडते, ते आपण पाहावे.

भारतीय सर्कशीच्या इतिहासात दोन माणसांची गाठ पडली ही फार मोठी गोष्ट आहे. त्यांतले एक विष्णुपंत छत्रे. कुरुंदवाड संस्थानच्या आश्रयाने घोडे तयार करणारे हे गृहस्थ. १८७९ मध्ये कियारिनी या इटालियन गृहस्थांची सर्कस मुंबईत आली. ती पाहून, आपल्या देशातही असे काही उभे राहू शकेल या ईर्षेने त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकारंभी स्वतःची सर्कस काढली. घोडे त्यांच्यापाशी होते, घोडेस्वारीची विद्याही होती. पण हवेतील कसरती करणारी माणसे कोठून आणावयाची? फिरता फिरता त्यांची सर्कस मलबारात तलश्शेरीला गेली. इंग्रज या गावाला तेल्लिचेरी म्हणत. तेथे बासेल मिशनच्या शाळेत कीलेरी कुञ्ञिक्कण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते. कळरीपयट्टु ही त्या भागातील युद्धविद्या त्यांना अवगत होती आणि पाश्चात्त्य पद्धतीची कसरतही ते शिकवीत असत. तुम्ही माणसे तयार करा, मी त्यांना काम देतो, असा काहीसा करार या दोघांत झाला, असे सांगतात. पुढे १९०१ मध्ये कीलेरींनी तलश्शेरीजवळ चिरक्करा येथे सर्कशीचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. मॉस्कोची सुप्रसिद्ध सरकारी सर्कस-शाळा १९२७ ची आहे, हे येथे नमूद करून ठेवतो.

या शाळेचे विद्यार्थी देशभर पसरले. त्यांपैकी पारियाली कण्णन यांनी १९०४ मध्ये स्वतःची मलबार ग्रँड सर्कस काढली. दुसरा एक विद्यार्थी, कण्णन बोम्बायो या नावाने, तिसाव्या दशकात युरोप-अमेरिकेतील मोठमोठ्या सर्कशींत ताणलेल्या दोरावरील उड्यांसाठी गाजला. मलबारातल्या त्या एका लहानशा परिसरातून पुढे एवढ्या सर्कस कंपन्या निघाल्या की, एके काळी देशात कोठेही तंबू दिसला तर आत मल्याळी भाषा कानांवर पडणारच, असे धरून चालत.

माझ्या दृष्टीने यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. कीलेरींची ओळख शेवटपर्यंत शिक्षक हीच राहिली. आजही त्यांचे नाव 'टीचर' हा शब्द जोडूनच घेतात. त्यांच्या अंगणात तिकिटाची खिडकी नव्हती. मुलगा आज तयार झाला काय आणि सहा महिन्यांनी तयार झाला काय, त्या रात्रीच्या गल्ल्यात त्याने फरक पडत नव्हता. छत्र्यांचा गल्ला वेगळा आणि कीलेरींचे अंगण वेगळे. ही वाटणी त्या दोघांनी विचारपूर्वक केली की ती आपोआप घडली, हा प्रश्न मी संशोधकांवर सोडतो. (छत्रे केवळ व्यापारी होते असे मात्र कोणी समजू नये. ते स्वतः ग्वाल्हेरच्या हद्दूखाँपाशी गाणे शिकले होते, आणि गुरुपुत्र रहिमतखाँ यांचा त्यांनी पुढे आपल्या सर्कशीबरोबर सांभाळ केला. तंबूच्या धंद्याला त्या गायकाचा उपयोग किती झाला असेल, ते आपण ताडू शकता.)

आता मालकाच्या बाजूचे गणित पाहा. सर्कस थांबली तरी तिचा खर्च थांबत नाही. मैदानाचे भाडे, रेल्वेचे वा मालमोटारीचे भाडे, जनावरे असत तेव्हा त्यांचा चारा, माणसांचे जेवण हे सारे रोजचे. खेळ दिवसाला दोन किंवा तीन. तालीम होते ती सकाळी, तंबू रिकामा असताना. म्हणजे रात्री उशिरा झोपलेल्या माणसांनी पहाटे उठून करावयाची. झुल्यावर विश्वासाने उभे राहील असा माणूस तयार होण्यास दोन-तीन वर्षे सहज लागतात. त्या काळात तो जेवतो, त्याला अंथरूण-पांघरूण लागते, उस्तादाचा वेळ लागतो आणि उत्पन्न शून्य. हा खर्च कोणी करावयाचा?

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. १९७८ साल होते. दसऱ्याच्या सुमारास आमचा मुक्काम उत्तरेकडील एका गिरण्यांच्या शहरात पडला होता. तंबू उभारणाऱ्या खलाशांत एकोणीस वर्षांचा एक डोंगराळ भागातला मुलगा होता. खांबावरून खाली उतरण्याची त्याची रीत इतरांहून निराळी आहे, हे आमच्या वृद्ध उस्तादांनी हेरले आणि त्याला सकाळच्या तालमीला बोलाविले. चौदा महिने तो शिकत होता. दिवसा खुंट्या ठोकावयाच्या, पहाटे झुल्यावर चढावयाचे. त्याची झेप पाहून जुने लोकसुद्धा हातातले काम थांबवीत असत. ऐन हंगामात आमच्या झुलेवाल्यांपैकी एकाला दुसऱ्या कंपनीने जास्त पगार देऊन नेले. भिंतीवर पाच झुलेवाल्यांच्या जाहिराती लागून चुकल्या होत्या. रविवारी तीन खेळ होते. मी उस्तादांना म्हटले, त्या पोराला चढवा.

ते म्हणाले, "साहेब, तो उडायला शिकला आहे. पडायला अजून शिकलेला नाही."

ज्यांना या विद्येची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाळी खाली आहे म्हणून माणूस वाचतो असे नाही. जाळीत पाठीवर पडावे लागते. हात किंवा पाय आधी टेकला तर तीच जाळी हाड मोडते. झेलणाऱ्याचा हात चुकल्यापासून जाळी लागेपर्यंतच्या क्षणात शरीराने आपण होऊन वळले पाहिजे. विचार करून वळण्याइतका अवधी नसतो. त्याला आणखी तीन महिने हवे होते. मला रविवार हवा होता. उस्ताद माझे नोकर होते. त्यांचा पगार माझ्या सहीने निघत असे. ते पुढे काही बोलले नाहीत.

पहिला खेळ उत्तम झाला. दुसराही झाला. तिसऱ्या खेळाला तो थकला होता, आणि झेलणाऱ्याच्या मनगटावरून त्याची बोटे निसटली. जाळीवर आधी उजवा हात टेकला. बँड वाजतच राहिला, विदूषक धावत आत आले आणि त्यांनी प्रेक्षकांना हसविले. अशा वेळी हीच पद्धत आहे. बहुतेक लोकांना काही कळलेसुद्धा नाही. त्याचा खांदा पुढे जोडला गेला, परंतु झुल्यावर तो पुन्हा चढू शकला नाही.

त्या रात्री मी हिशेब लिहावयास बसलो. गल्ला हंगामातला सर्वांत मोठा होता. इस्पितळाचा खर्च कोणत्या सदरात घालावा हे मला सुचेना. खातेवहीत चाऱ्याचे सदर होते, दोरखंडाचे होते, जाहिरातीचे होते, शिकवणुकीचे नव्हते. मी ती रक्कम 'किरकोळ' या सदरात टाकली. पुढच्या वर्षीच्या वहीत मी 'तालीम' असे एक नवीन सदर उघडले. मालकांनी ते पाहिले, रागावले नाहीत. फक्त तिमाही संपताना त्यातली रक्कम निम्मी करून दिली.

शिकवणुकीचा खर्च मालकाने केला नाही तर तो कोणी केला, याचे उत्तर आमच्या व्यवसायात फार काळ एकच होते, आणि ते सांगताना मान खाली जाते. तो खर्च मुलांनी केला. गरीब आई-बापांच्या हाती आगाऊ रक्कम ठेवावयाची, वर्षांचा करार करावयाचा आणि सहा-सात वर्षांचे मूल घेऊन यावयाचे. मलबारातून मुले येईनाशी झाली तेव्हा नेपाळातून व ईशान्येकडून आणली गेली. काही कंपन्यांनी ती पोटच्या पोरांसारखी वाढविली, हे मी पाहिले आहे. पण पोटच्या पोराला घरी जावयाचे असेल तर करार आड येत नाही. अखेर एका स्वयंसेवी संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०११ रोजी निकाल दिला, आणि सर्कशीत मुलांना कामास ठेवण्यावर बंदी घालणारी अधिसूचना काढण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यात चित्रपट, दूरदर्शन मालिका, जाहिराती यांत काम करणाऱ्या बालकलाकारांना अटींसह मुभा आहे, खेळांनाही आहे. सर्कस तेवढी नाव घेऊन वगळली आहे.

हा अन्याय झाला असे माझे अनेक जुने सहकारी म्हणतात. चित्रपटातल्या मुलाला परवानगी आणि आमच्या मुलाला नाही, हे काय? मला तसे वाटत नाही. आमच्याकडे मूल राहत होते तेथेच काम करीत होते, तेथेच जेवत होते आणि त्याचा शिक्षक, पालक व धनी एकच होता. असे मूल नको म्हणणार कोणाला?

यावर ते दुसरा मुद्दा काढतात, आणि तो खरोखरच अवघड आहे. लहानपणी अंग वळविले नाही तर पुढे वळत नाही. तेव्हा सर्कस संपली, असे ते म्हणतात. त्यात २००१ मध्ये वाघ, सिंह, अस्वले, माकडे यांचे खेळ बंद करणारी सरकारी अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने कायम केली होती. म्हणजे जनावरे गेली आणि सगळा भार माणसाच्या शरीरावर आला, त्याच दशकाच्या शेवटी ते शरीर लहानपणापासून घडविण्याची वाटही बंद झाली.

मी त्यांना शंकरन यांची आठवण देतो. जेमिनी सर्कसचे एम. व्ही. शंकरन २०२३ मध्ये वारले, तेव्हा शंभरीला जेमतेम वर्ष उरले होते. लहानपणी ते कीलेरींच्या अंगणात सुमारे तीन वर्षे शिकले. पण तेथून थेट सर्कशीत गेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यात होते. परत आल्यावर कीलेरींचे शिष्य एम. के. रामन यांच्यापाशी त्यांनी पुन्हा तालीम घेतली आणि १९४६ मध्ये कलकत्त्यास ते पहिल्यांदा एका सर्कशीत दाखल झाले. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. आडव्या बारवर आणि झुल्यावर त्यांनी नाव मिळविले. १९५१ मध्ये एका भागीदारासह मोडकळीस आलेली एक सर्कस विकत घेऊन तिला जेमिनी हे नाव दिले, आणि त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला गुजरातमधील बिलिमोऱ्यास पहिला खेळ केला. शिकणे लहानपणी, नोकरी मोठेपणी. कायदा मुलाच्या कसरत शिकण्याला हरकत घेत नाही. त्या कसरतीवर तिकीट लावण्याला घेतो.

मग अशी अंगणे आज कोठे आहेत? केरळ सरकारने २०१० मध्ये तलश्शेरीला सर्कस अकादमी उघडली होती. ती फार वर्षे चालली नाही. सरकारने एकदा हात पोळून घेतला म्हणजे पुन्हा लवकर पुढे करीत नाही. तेव्हा काही भार मालकांनाच उचलावा लागेल, आणि एकट्याने उचलला तर तो निभणार नाही. चार-पाच कंपन्यांनी मिळून एखाद्या व्यायामशाळेचा खर्च चालवावा, तिच्या उस्तादाचा पगार कोणत्याही एका कंपनीने देऊ नये, आणि कोणाला कधी चढवावयाचे याबाबत त्याचा शब्द अखेरचा असावा. त्या वेळी आमच्या उस्तादांना असा पगार मिळत असता, तर त्यांनी मला नाही म्हटले असते.

शिकवून तयार केलेला माणूस उद्या दुसऱ्याकडे जाईल, ही तक्रार मी हयातभर ऐकली, आणि केलीही. त्यावर मजपाशी उपाय नाही. कीलेरींचे तर सगळेच विद्यार्थी दुसऱ्याकडे गेले.

तो खलाशी मुलगाही पुढे गेला. खांदा बरा झाल्यावर उस्तादांनी त्याला जाळीच्या कामावर घेतले. दोर किती ताणावयाचा, पावसात किती सैल सोडावयाचा, हे त्याने आत्मसात केले आणि नवीन येणाऱ्यांना तोच प्रथम हाताशी धरू लागला. झुल्याला हात लावू देण्यापूर्वी तो त्यांना महिनाभर नुसते वरून खाली पाडीत असे. पोरे कंटाळत, माझ्याकडे कागाळ्या घेऊन येत. मी त्यांना परत त्याच्याकडेच धाडीत असे. चार वर्षांनी एका मोठ्या कंपनीने दुप्पट पगार देऊन त्याला नेले. निघण्याच्या दिवशी तो कचेरीत आला, डाव्या हाताने नमस्कार केला आणि आमच्या जाळीचा एक कोपरा झिजला आहे, पुढच्या मुक्कामाआधी तो बदलून घ्या, एवढे सांगून गेला.