धातुकामाचा व्यवसाय निवडताना : कमाई आणि कर्ज

(भोकरदन येथे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



आपण ज्या गावी जमलो आहोत ते भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत येथील दात्यांचा उल्लेख आढळतो आणि येथील उत्खननात सातवाहनकालीन हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. कसबी हात आणि चोख हिशेब यांवाचून अशी नगरे नांदत नसतात. आज मी त्यांतील हिशेबाविषयी बोलणार आहे.

दहावीचा निकाल लागला की, आपल्याकडील पुष्कळ घरांत एकच विचार सुरू होतो. जालन्याला लोखंडी सळ्यांचे कारखाने आहेत, छत्रपती संभाजीनगरला यंत्रांचे सुटे भाग बनविणारे उद्योग आहेत. तेव्हा मुलाने लोखंडाच्या कामाचे शिक्षण घ्यावे. विचार योग्यच आहे. अडचण येते ती पुढे. मागे एक शेतकरी माझ्या कार्यालयात आले. हातात एका खाजगी संस्थेचे रंगीत माहितीपत्रक होते. मशिनिस्टचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, खर्च दीड लाख रुपये आणि ‘नोकरीची हमी’. त्यासाठी दोन एकर जमीन गहाण टाकण्याची त्यांची तयारी होती. “साहेब, पोराचं भलं होईल ना?” एवढेच त्यांनी विचारले. ही हमी कोणत्या कागदावर लिहून दिली आहे, असे मी विचारले. त्यांनी माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिले. हमी छापलेली होती. सही कोणाचीच नव्हती.

मग आम्ही हिशेब मांडला. उदाहरणापुरते बारा टक्के व्याज धरले. दीड लाखाचे कर्ज सुरुवातीलाच उचलले, तर दोन वर्षांच्या शिक्षणकाळात सरळ व्याजाने 36,000 रुपये चढतात. म्हणजे मुलगा संस्थेतून बाहेर पडतो तेव्हा देणे 1,86,000 झालेले असते. ते पाच वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे 4,137 रुपये आणि एकूण फेड 2,48,000 रुपयांच्या वर जाते.

आता कमाईची बाजू. पगार 15,000 ठरला असे समजू. भविष्य निर्वाह निधीचे बारा टक्के, राज्य कामगार विम्याचा हप्ता आणि व्यवसाय कर वजा जाता हातात पडतात सुमारे 12,900. खोली, खानावळ आणि जाण्यायेण्याचा खर्च 7,500 धरला, तर उरतात 5,400. हप्ता भरल्यावर शिल्लक राहते साडेबाराशेच्या आसपास. एखादे आजारपण आले अथवा कारखान्याला महिनाभर टाळे लागले, तर हप्ता थकलाच. आणि दोन वर्षे मुलाची जी मजुरी बुडाली ती या हिशेबात आपण धरलेलीच नाही.

हेच पैसे सावकाराकडून घेतले तर चित्र अधिक भीषण होते. दरमहा शेकडा तीन रुपये हा दर ऐकायला लहान वाटतो, परंतु तो वर्षाला छत्तीस टक्के होतो. पन्नास हजारांवर दरमहा दीड हजार केवळ व्याज. मुद्दल जागच्या जागी. सावकारी नियमनाचा राज्याचा कायदा 2014 पासून लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, हे आपण गावात सांगितले पाहिजे.

कर्ज काढूच नये, असे माझे म्हणणे नाही. मात्र त्याआधी स्वस्त मार्ग पाहावेत. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शुल्क अल्प असते. फिटर, टर्नर व मशिनिस्ट हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. वेल्डरचा एक वर्षाचा. ज्या घराला लवकर मिळकत हवी, त्याला एक वर्षाचा अभ्यासक्रम सोयीचा. ज्याला दोन वर्षे थांबता येते, त्याला यंत्रावरील कामाचे क्षेत्र अधिक विस्तृत आहे. पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतन मिळवीत शिकता येते. 2019 च्या सुधारित नियमांनी प्रमाणपत्रधारकासाठी किमान 7,700 रुपये ठरविले. उमेदवारीच्या वर्षात मोठा हप्ता झेपत नाही, हेही यावरून उमगावे.

टूल अँड डाय मेकिंगसारख्या उच्च कौशल्याच्या पदविकेसाठी कर्ज घ्यावे लागले, तर बँकेकडे जावे. कौशल्य कर्ज योजना 2015 मध्ये सुरू झाली. तिची दीड लाखाची मर्यादा 2024 मध्ये साडेसात लाखांपर्यंत वाढविण्यात आली. पण मर्यादा वाढली म्हणून ऐपत वाढत नाही. घरच्या भट्टीवर पिढीजात लोहारकाम चालविणाऱ्यांसाठी 2023 ची पीएम विश्वकर्मा योजना आहे. तीत पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंतचे कर्ज पाच टक्के व्याजाने मिळते.

शिक्षकबंधूंनो, प्रवेशापूर्वी प्रत्येक पालकाकडून चार प्रश्नांची उत्तरे लिहून घ्या. संस्थेचे प्रमाणपत्र राष्ट्रीय मान्यतेचे आहे काय? गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेली मुले आज कोठे काम करतात, आणि त्यांच्यापैकी दोघांना तरी आपण भेटलो काय? पगार कागदावर किती आणि हातात किती? राहण्याजेवण्याचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेच्या निम्म्याहून हप्ता अधिक होतो काय? चौथ्याचे उत्तर ‘होय’ असेल, तर ते कर्ज त्या घराला पेलणारे नाही.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एक तास या विषयाला द्यावा. गावातील जो मुलगा कारखान्यात काम करतो, त्यालाच बोलवावे. त्याचे चार शब्द माहितीपत्रकाहून मोलाचे ठरतील.

त्या शेतकऱ्यांनी जमीन गहाण टाकली नाही. मुलाने केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून शासकीय संस्थेत वेल्डरचा प्रवेश घेतला. तो पुढे किती कमावील हे मी सांगू शकत नाही. परंतु पहिल्या पगाराच्या दिवशी त्याच्या दाराशी वसुलीवाला उभा नसेल आणि ते दोन एकर त्याच्या वडिलांच्याच नावावर असतील, एवढे निश्चित. आपल्या प्रत्येक गावातील मुलाच्या बाबतीत एवढे साधले, तरी आजचे हे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.