सही करण्यापूर्वी

यवतमाळजवळील लोहाऱ्याच्या कारखान्यातील कामगारास 'नागपुरास रुजू व्हा' असा आदेश आला, तर त्याने प्रथम नियुक्तिपत्रात बदलीची अट आहे काय, हे पाहावे. अट असली तरी धोरणाच्या आडून दुष्ट हेतूने केलेली बदली १९७१ च्या महाराष्ट्र अधिनियमाने अनुचित कामगार प्रथा ठरविली आहे. तथापि घरी बसू नये; गैरहजेरीचा ठपका येतो. लेखी हरकत देऊन पोच घ्यावी व कामगार कार्यालय गाठावे. कपात झाल्यास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई कायद्याने देय असते. स्वेच्छेने राजीनामा दिल्यास तीच बुडते. म्हणून गावातील शिक्षक व पंचायत सदस्यांनी असा कागद कामगारास सहीपूर्वी वाचून दाखवावा.