बायोडाटा आणि क्रियापदाचा काळ

(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



बायोडाटा कसा लिहावा यावर पुष्कळ बोलता येईल. आज आम्ही एकाच गोष्टीवर बोलणार आहोत, ती म्हणजे क्रियापदाचा काळ. विषय लहान वाटेल. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरात इंग्रजीत अर्ज लिहिणारी ही पहिलीच पिढी आहे. अर्ज वाचणारा आपल्याला ओळखत नाही. त्याच्यापुढे फक्त कागद असतो. त्या कागदावर तारीख एक सांगते आणि क्रियापद दुसरेच सांगते, तेव्हा खऱ्या कामाबद्दलही शंका येते.

नियम सोपा आहे. जे काम आज चालू आहे ते वर्तमानकाळात. जे सोडले किंवा संपले ते भूतकाळात. समजा, एखादी विद्यार्थिनी सध्या शिकवणी घेते. तिने 'टीच' लिहावे. पूर्वी ती औषधाच्या दुकानात हिशेब ठेवत असे. तेथे 'मेन्टेन्ड' लिहावे. चालू नोकरीतही एखादे काम पुरे झाले असेल, तर त्यापुरता भूतकाळच योग्य. बायोडाटात 'आय' गाळण्याची पद्धत आहे. तरी कर्ता 'मी'च असतो, म्हणून 'टीचेस' लिहू नये.

आपली खरी अडचण शब्दशः भाषांतराची आहे. 'मी 2021 पासून काम करीत आहे' हे मराठी निर्दोष आहे. त्याचे 'आय ॲम वर्किंग सिन्स 2021' केले की चुकते. तेथे 'हॅव बीन वर्किंग' हवे. तसेच 'मी 2019 साली बी. ए. झालो आहे' असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत ठरावीक वर्ष दिले की 'हॅव पास्ड' चालत नाही. 'पास्ड इन 2019' एवढेच पुरे. यात मराठीला कमीपणा नाही. दोन भाषांची काळ सांगण्याची रीत वेगळी, इतकेच.

सर्वांत जपण्याची जागा शिक्षणाची. परीक्षा दिली आहे पण निकाल लागायचा आहे, तर 'अपिअर्ड' लिहा आणि निकाल बाकी असल्याचे स्पष्ट नोंदवा. 'पास्ड' लिहू नका. बँकांच्या भरतीत जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत पदवीचा निकाल लागलेला असावा लागतो आणि पुढे कागदपत्रांची पडताळणी होते. एका शब्दापायी प्रामाणिक मुलगा खोटा ठरू नये.

म्हणून अर्ज धाडण्यापूर्वी पेन्सिल घ्या, प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढा आणि विचारा : हे आज चालू आहे काय? नोकरी बदलली की जुन्या नोकरीची क्रियापदेही बदला. आपण कष्टाने जे केले, ते जसे केले तसेच कागदावर उतरले पाहिजे.